जोह्याहून लंडन किती दूर?

पनवेल मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की खारपाड्याजवळ पाताळगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडल्यावर पेण तालुक्यातील गावे सुरू होतात. एका बाजूस डोंगरांच्या ठेंगण्या रांगा आणि दुसऱ्या बाजूस खाडीच्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणारी खारेपाटातील भातशेती, असा हा मुलूख आहे. महामार्ग सोडून हमरापूर फाट्याने आत वळले की थोड्याच वेळात जोहे गाव येते. पनवेल-रोहा लोहमार्गावर हमरापूर नावाचे छोटे स्थानकही आहे. या मार्गावरून कोकणात जाणारा प्रवासी बहुधा झोपलेला असतो. त्यामुळे खिडकीबाहेर कोणते गाव गेले, हे त्याला कळत नाही.

परंतु जोहे हे निजून ओलांडण्याचे गाव नव्हे. येथे घरोघरी, अंगणात, मांडवात, पत्र्याच्या लांबच लांब शेडमध्ये श्रीगणेशाच्या मूर्तींच्या रांगा उभ्या असतात. काही नुकत्याच साच्यातून निघालेल्या, पांढऱ्याशुभ्र. काही पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत केलेल्या. काहींवर पितांबराचा पिवळा रंग चढलेला. आणि काही डोळ्यांच्या आखणीची वाट पाहत बसलेल्या. पेण शहरात ही कला शतकाहून अधिक काळ नांदत आहे. तेथून ती हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर अशा गावांत पसरली आणि भातशेतीला जोड म्हणून आलेला धंदा हळूहळू वर्षभराचा झाला. रंग न दिलेले ‘कच्चे’ गणपती येथून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत जातात व तेथील कारागीर ते रंगवतात. तयार मूर्ती मुंबई-पुण्याला जातात. काही मूर्ती मात्र त्याहून फार दूर, मॉरिशस, इंग्लंड, अमेरिका आणि आखाती देशांपर्यंत जातात.

अशा गावी उभे राहिल्यावर एक साधा प्रश्न मनात येतो. येथून लंडन किती दूर आहे?

आकाशातील रेघ

या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर सोपे आहे. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हा आकडा निघत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही गोलावरील एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. पृथ्वीगोलावर या दोन शहरांवर सुतळी ताणून धरली, तर ती इराण, काकेशस, युक्रेन आणि जर्मनी यांवरून जाईल. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते, म्हणून विमान आडवळणाने जात आहे असा भास होतो. प्रत्यक्षात ती वाकलेली वाटच जवळची असते.

प्रवासी जेट विमानाचा उंचीवरील वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. ७,२०० ला ९०० ने भागले की आठ तास येतात. तरीही मुंबईहून लंडनला जाण्यास साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतताना त्याहून तासभर कमी. अंतर तेच, मग वेळेत फरक का? कारण आकाशही रिकामे नाही. उत्तर गोलार्धात फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. लंडनला जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय सुतळीची वाट नेहमी मोकळी असेल असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यापासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा विशेषतः उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचा वेळ वाढला. शहरे जागची हलली नव्हती. लांबला होता तो प्रवास.

वेळापत्रक वाचणाऱ्याची आणखी एक गफलत होते. समजा, विमान मुंबईहून दुपारी दोन वाजता निघाले आणि लंडनला सायंकाळी सात वाजता उतरले. घाईने वाचणारा म्हणेल, पाच तासांचा प्रवास! पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच तास. पाचात साडेचार मिळवले की खरे साडेनऊ तास होतात. मुंबईकरांना घड्याळांचा हा घोळ नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक आणि घरचे घड्याळ दुसरे, असे ते दिवस होते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. त्याआधीच्या पिढ्यांना हाच प्रवास आगबोटीने काही आठवड्यांचा होता. त्या मानाने आजचे दहा तास म्हणजे डुलकीच.

जमिनीवरची वाट

पण लंडनचे विमान जोह्याच्या अंगणातून उडत नाही. मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत साठ-सत्तर किलोमीटर रस्ता आहे. वाहतूक बरी असेल तर दोन-अडीच तास. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीत महामार्ग तुंबला तर किती, हे कोणी सांगू शकत नाही. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर अनेक वर्षे कोकणच्या प्रवाशाने खड्डे, वळण-रस्ते आणि अर्धवट पूल यांतूनच वाट काढली.

हिशेब मांडून पाहावा. रस्त्याचे अडीच तास, परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचण्याचा शिरस्ता, विमानातले दहा तास, लंडनला उतरल्यावर पारपत्र तपासणी व सामान यांचा दीड तास. एकूण सतरा तास झाले. त्यांतील सात तास जमिनीवरचे. दिल्लीला जाणाऱ्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आणि आकाशातला वेळ सव्वादोन तास. परंतु घरातून निघून दिल्लीच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत साडेसात तास सहज जातात. म्हणजे प्रवासातील तिसरा हिस्सादेखील आकाशात नसतो. विमान जितके जवळचे, तितकी जमीन महाग पडते.

म्हणूनच जोह्यासारख्या गावाच्या दृष्टीने एखादा पूल किंवा एखादी धावपट्टी हे विमानाच्या वेगापेक्षा अधिक मोलाचे ठरते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि मुंबई बेट उरण-पनवेलच्या बाजूस एकदम जवळ आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. हा विमानतळ पनवेलच्या अंगाला, म्हणजे पेणकरांच्या मुंबईच्या वाटेवर निम्म्यातच आहे. या दोन कामांमुळे मुंबई-लंडन अंतर एका किलोमीटरनेही घटलेले नाही. पेणहून निघणाऱ्याचा वेळ मात्र घटण्याची सोय झाली.

मूर्तीचा प्रवास

माणूस सतरा तासांत लंडनला पोहोचतो. त्याच जोह्यातील मूर्तीला तेथे पोहोचण्यास दोन-अडीच महिने का लागावेत?

पहिले कारण भाड्याचे आहे. विमानातून माल पाठवताना भाडे केवळ वजनावर ठरत नाही. पेटी किती जागा अडवते तेही पाहिले जाते. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायची. येणारा आकडा किलोग्रॅममध्ये धरायचा आणि तो खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे आकारायचे, अशी पद्धत आहे. साठ सेंटीमीटर लांब, साठ रुंद आणि नव्वद उंच अशी पेटी घेतली तर आकडा ५४ किलो येतो. आत बसलेली प्लॅस्टरची पोकळ मूर्ती वीस किलोचीच असली तरी भाडे ५४ किलोंचे. गणपतीचे पोट, पसरलेले कान, मागची प्रभावळ, या साऱ्यांचे भाडे भरावे लागते. शाडूची मूर्ती वजनाला भारी आणि वर नाजूक. म्हणून क्वचित एखादी मूर्ती विमानाने जाते. व्यापारी माल जातो तो समुद्राने. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. वर सांगितलेल्या मापाच्या पेट्या कागदावर शंभर बसतात, प्रत्यक्षात काही कमी.

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून चालू आहे आणि ते याच रायगड जिल्ह्यात, शेजारच्या उरण तालुक्यात आहे. जोह्याहून निघालेला ट्रक तास-दीड तासात तेथे पोहोचू शकतो. जगाच्या बाजारात जाऊ पाहणाऱ्या गावाला याहून मोठे भाग्य कोणते? पण त्यापूर्वी तयारी फार असते. मूर्तीचे हात, सोंड, मुकुट यांना मऊ वेष्टण लागते. पेटीत हलायला जागा राहिली तर मूर्ती तडकते, फार आवळली तरी तडकते. लाकडी पेटी वापरली तर त्या लाकडावर उष्णतेची प्रक्रिया करून तसा आंतरराष्ट्रीय शिक्का मारावा लागतो; नाहीतर लाकडातील किडीच्या भीतीने परदेशी बंदरावर माल अडतो. एक शिक्का राहिला तर सारी मेहनत बंदराच्या आवारात पडून राहावी, असा हा व्यवहार आहे.

त्यानंतर समुद्र. सुएझ कालव्यातून गेल्यास मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ११,६०० किलोमीटर भरते. कंटेनर जहाज ताशी सतरा सागरी मैलांनी चालले, तर एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर या हिशेबाने दिवसाला साडेसातशे किलोमीटर कापते. म्हणजे निव्वळ चालण्याचे पंधरा-सोळा दिवस. वाटेतील बंदरांचे थांबे, माल चढ-उतार, जकात आणि पुढचा रस्ता धरला की महिना-दीड महिना होतो.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि भारत व युरोप यांमधील सागरी वाट सुमारे सात हजार किलोमीटरनी आखूड झाली, हे शाळेच्या भूगोलात सर्वांनीच घोकलेले असते. ते घोकलेले वाक्य २०२४ साली अचानक जिवंत झाले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले, आणि बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालणे पत्करले. केप ऑफ गुड होपवरून मुंबई-लंडन अंतर १९,८०० किलोमीटरच्या आसपास जाते. वरच्याच वेगाने चालण्याचे दिवस पंधरा-सोळांचे सव्वीस होतात. येमेनच्या किनाऱ्यावरील एका संघर्षाने पेण तालुक्यातील कारखान्याचे वेळापत्रक दहा-बारा दिवसांनी मागे ओढावे, हे आजच्या व्यापाराचे वास्तव आहे.

दिवसांची किंमत

व्यापारी कुटुंबातील वाचक येथे विचारील, दहा-बारा दिवस उशीर झाला तर बिघडले काय? व्याज थोडे वाढेल, इतकेच ना?

व्याजाचा हिशेब करून पाहू. दहा लाख रुपयांचा माल, व्याजदर वर्षाला बारा टक्के आणि अडकलेले चौदा दिवस. व्याज येते सुमारे ४,६०० रुपये. कापड, मसाले किंवा हार्डवेअर असते तर नुकसान एवढ्यावर भागले असते. आठवडा उशिरा पोहोचलेले कापड आठवडा उशिरा विकले जाते. गणपतीचे तसे नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला पोहोचलेल्या मूर्तीचे मोल पूर्ण, आणि पंचमीला पोहोचलेल्या मूर्तीचे मोल त्या वर्षापुरते शून्य. नुकसान ४,६०० रुपयांचे नसून दहा लाखांचे होते. त्यातही गिऱ्हाईकाचा विश्वास गेला, तो कोणत्याच खात्यात जमा-नावे करता येत नाही.

तिथी कोणासाठी थांबत नाही, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. संवत्सरीही याच चतुर्थी-पंचमीच्या सुमारास येते. शिवाय ही तिथी इंग्रजी दिनदर्शिकेत दरवर्षी जागा बदलते. २०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. आणि २०२६ साली ज्येष्ठ अधिक मास आल्याने ती पुन्हा १४ सप्टेंबरवर गेली. म्हणजे ‘गेल्या वर्षी अमुक तारखेला माल पाठवला होता’ हा आधार येथे पुरत नाही. २०२४ ची तारीख धरून २०२५ मध्ये माल पाठवणारा अकरा दिवस मागे पडला असता.

म्हणून या धंद्यातील शहाणा माणूस वेळ उलटा मोजतो. आधी पंचांग उघडून चतुर्थी पाहावी. तिच्या पंधरा-वीस दिवस आधी मूर्ती परदेशातील दुकानात पोहोचली पाहिजे. त्यातून जकात व रस्त्याचे दिवस वजा करावेत, मग समुद्राचे, मग बंदराचे, मग बांधणीचे, मग रंग वाळण्याचे, आणि शेवटी काही दिवस अनपेक्षित अडचणींसाठी. असे मागे मागे येत गेले की बोट फाल्गुन-चैत्रावर थांबते. इकडे लोक होळीच्या गोवऱ्या रचत असतात आणि जोह्यात परदेशच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी चाललेली असते.

पतपत्रावर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर, व्यवहार असेल तर त्यातही हाच उलटा हिशेब असतो. त्यावर माल चढवण्याची अखेरची तारीख लिहिलेली असते. माल जहाजावर चढला की बिल ऑफ लेडिंग मिळते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असे कागद माल चढवल्यापासून २१ दिवसांच्या आत बँकेत सादर करावे लागतात. मौज अशी की हे कागद विमानाने जातात आणि मूर्ती जहाजाने. कागद चार दिवसांत लंडनला पोहोचून मालाची वाट पाहत बसतात. तारखेत, नावात किंवा नगांच्या संख्येत एक चूक असेल तर देव दारात आणि पैसे अधांतरी, अशी अवस्था होते. ज्यांनी परदेशी व्यापार केला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ ठाऊक असेल.

अंतराचा अर्थ

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन शहरांमधील अंतर हा भूगोलाचा आकडा आहे. तो ठरलेला असतो आणि कोणालाही एका क्षणात सापडतो. वेळ मात्र ठरलेला नसतो. वारा, युद्ध, रस्ता, पूल, शिक्का, कागद आणि पंचांग यांच्या हातात तो विखुरलेला असतो. पुष्कळ माणसे अंतराचा आकडा पाहून वेळेचा अंदाज बांधतात आणि फसतात. जोह्याचा कारखानदार तसे करू शकत नाही, कारण त्याला फसण्याची मुभा वर्षातून एकदाही नाही.

भाद्रपद जवळ आला की परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जाणारे आईवडील हमरापूर फाट्यासमोरून विमानतळाकडे निघतात. त्यांच्या सामानात पेणचे पोहे आणि पापड असतात. चोवीस तासांच्या आत ते मुलाच्या दारात उभे राहतील, आणि तेथे देव्हाऱ्यासमोर त्यांच्याआधी येऊन बसलेला गणपती त्यांना दिसेल. तो त्यांच्यापेक्षा महिनेच्या महिने आधी याच रस्त्याने निघाला होता, हे त्यांच्या ध्यानीही येणार नाही.

इकडे जोह्यात त्या सुमारास शेवटचे टेम्पो भरले जात असतात. रात्रभर दिवे जळतात, रंगाचे हात थांबत नाहीत, मुंबई, नाशिक, सोलापूरची गिऱ्हाइके उंबऱ्यात उभी असतात. कारागिराच्या स्वतःच्या घरीही गणपती बसायचा असतो. त्या मूर्तीला ना विमान, ना जहाज, ना शिक्का; शेडमधून ओटीपर्यंत वीस पावलांचा तिचा प्रवास. पण तिथी तिलाही तीच आहे, आणि लंडनच्या गणपतीला सहा महिने आधी वेळेवर रवाना करणारा तो कारागीर ती वीस पावले चालण्यासाठी मात्र चतुर्थीच्या पहाटेपर्यंत मोकळा होत नाही.